साडेतीन इंचांचा स्ट्रोक

बी-सिरीज इंजिनात पिस्टन खालून वर ८८.९ मिलिमीटर चढतो. इंची मापात बरोबर साडेतीन इंच. आपल्या अँबेसिडरच्या १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात तो एवढाच चढायचा. इंग्लंडात ॲबिंग्डनला १९६२ ते १९८० या काळात तयार झालेल्या एमजीबी या दोन सीटच्या, उघड्या टपाच्या स्पोर्ट्स कारमध्येही एवढाच चढतो. एमजीबीचा बोअर ८०.२६ मिलिमीटर, अँबेसिडरचा ७३; म्हणून एक १७९८ सीसीची आणि दुसरी १४८९ ची. पण स्ट्रोक एक, १-३-४-२ ही फायरिंग ऑर्डर एक, डिस्ट्रिब्यूटर आणि प्लग उजव्या अंगाला, कार्बोरेटर आणि एक्झॉस्ट डाव्या अंगाला, हेही एकच. दोघी एकाच घराण्यातल्या. या घराण्याची नि माझी ओळख शाळकरी वयात झाली, आणि त्यातली एमजीबी माझ्या दारात यायला पन्नाशी उलटली.

मामा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याच्या वाहन विभागात फिटर होते. गळीत हंगामात कारखान्याच्या पांढऱ्या अँबेसिडर रात्रंदिवस फिरायच्या आणि त्यांची दुखणी मामांच्या वाट्याला यायची. सुट्टीच्या दिवशी घरामागच्या परड्यात कुणाची ना कुणाची खासगी गाडी बॉनेट उघडून उभी असायचीच. मे महिन्यात मी आजोळी गेलो की माझं काम ठरलेलं: फीलर गेजची पाती पुसून हातात द्यायची आणि टॅपेट लावताना हिशेब सांगायचा.

हा हिशेब मला अजून आवडतो. इंजिनाचे आठ व्हॉल्व्ह, पुढून मागे एक ते आठ. इंजिन हाताने फिरवत जायचं. जो व्हॉल्व्ह पूर्ण उघडला असेल त्याचा आकडा नवातून वजा करायचा. उरेल त्या आकड्याच्या व्हॉल्व्हचं टॅपेट त्या क्षणी मोकळं असतं, ते लावायचं. मामा हँडल फिरवत ओरडायचे, "काय रं, सात उघडलाय. लावायचा कुठला?" मी म्हणायचो, "दोन." मग पंधरा थाऊचं, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांश जाडीचं, पातं रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये सरकवायचं. पातं ढिलं फिरलं तर नको, अडकलं तरी नको. किंचित ओढ लागली पाहिजे. ती ओढ किती, हे मामांनी मला तोंडाने कधी सांगितलं नाही. माझ्या बोटांत पातं देऊन त्यावर स्वतःची बोटं ठेवली आणि दोघांनी मिळून ते ओढलं. शाळेत नि पुढे इंजिनिअरिंगला पुष्कळ गोष्टी शिकलो, पण इतकी खात्रीची एकही नाही.

पुढची वर्षं भराभर गेली. शिक्षण, पुण्याची नोकरी, लग्न. दरम्यान अँबेसिडरच्या बॉनेटखाली इसुझूचं इंजिन आलं, मारुतीने रस्ते व्यापले, मामा निवृत्त झाले. २०१४ मध्ये अँबेसिडरचं उत्पादनच थांबलं. तोवर मी कामानिमित्त इंग्लंडात स्विंडनला येऊन राहिलो होतो.

स्विंडनहून ॲबिंग्डन तासाभराच्या आत. एमजी हे नाव ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसवरून पडलेलं. सेसिल किंबर यांनी तिथे या गाड्यांना आकार दिला आणि १९२९ मध्ये कारखाना ॲबिंग्डनला हलवला. १९८० च्या शरद ऋतूत तो बंद झाला. एका रविवारी त्या गावातल्या जुन्या गाड्या मांडलेल्या मैदानात एका गृहस्थांनी आपल्या एमजीबीचं बॉनेट उचललं, आणि मी बोलता बोलता थांबलो. रॉकर कव्हरची ती लांबट पेटी, उजवीकडून निघालेल्या प्लगच्या वायरी, डावीकडे कार्बोरेटर. अँबेसिडरला एक असायचा, इथे एसयूचे दोन. साखर कारखान्याच्या साहेबांना गावोगाव नेणारं आणि इथे रविवारी मौजेसाठी बाहेर निघणारं यंत्र एकच होतं. ज्या विद्येकडे आमच्या नात्यातले लोक हात काळे करणारं काम म्हणून बघत, तीच इथे डॉक्टर नि प्राध्यापक हौसेने शिकत होते. मला मामांचा फार अभिमान वाटला. आपण एमजीबी घ्यायची, आणि तीही चकचकीत तयार केलेली नव्हे, थांबलेली घ्यायची, हे त्या मैदानातच पक्कं झालं.

तशी गाडी मिळायला वेळ लागला. १९७२ ची, गडद हिरवी, क्रोमच्या बंपरची. एका आजींच्या गॅरेजमध्ये उभी होती. यजमानांनी ती शेवटची कधी चालवली ते त्यांना नेमकं आठवत नव्हतं, 'धाकट्याचं लग्न झालं त्या सुमारास' एवढंच. कागद फारसे नव्हते. पण गाडी स्वतःच बरंच सांगते. टायरच्या कडेला उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं. २००० पासून त्याचे चार आकडे असतात. त्याआधी तीनच असायचे, आणि नव्वदच्या दशकातल्या टायरवर आकड्यांशेजारी छोटा त्रिकोण. इथे तीन आकडे, शेवटचा सहा, शेजारी त्रिकोण: १९९६. टायरच्या कडा अजून धारदार होत्या, म्हणजे ते बसवल्यावर गाडी फार फिरलीच नव्हती. आजींनी मनाशी हिशेब केला आणि लग्नाचं साल जुळलं.

एमजीबी विकत घेताना इंजिन शेवटी बघायचं. या गाडीला वेगळी चासी नाही. सगळा भार पत्र्याच्या सांगाड्यावर, आणि टप नसल्यामुळे दोन्ही दारांखालच्या पेट्या, ज्यांना सिल म्हणतात, त्याच गाडीचा कणा. त्या आतून गंजतात. बाहेरून रंग सुरेख आणि आत पापुद्रे, असं सर्रास असतं. मी आधी लोहचुंबक फिरवला. पुट्टी भरलेली असेल तिथे तो धरत नाही. मग दारं बंद ठेवून गाडी एकेका बाजूने जॅकवर घेतली. उजव्या दाराची फट जशीच्या तशी राहिली. डावीकडची वरच्या बाजूला आवळत गेली आणि दार घट्ट बसलं. म्हणजे डावा सिल गेला. आजींना ते तिथेच दाखवलं, त्यांनी किंमत उतरवली, आणि यजमानांचे जुने पाने एका लाकडी पेटीत घालून सोबत दिले.

गाडी घरी आली त्या संध्याकाळी मामांना व्हिडिओ कॉल लावला. आता त्यांना ऐकू कमी येतं, पण नजर तीच. मी फोन इंजिनावर धरला. त्यांनी बराच वेळ पाहिलं, एक्झॉस्ट कुठून निघालाय ते विचारलं आणि म्हणाले, "आपलंच हाय की हे." मग लगेच कामाचं बोलले: "सेल्फ मारू नगंस इतक्यात. पळंल का न्हाई ते मागनं बघू. आधी थांबती का बघ."

माझ्या योजनेचा क्रम त्यावरूनच लागला. पहिलं काम ब्रेकचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, आणि वर्षानुवर्षं उभ्या गाडीत ते पाणी पाइप आणि सिलिंडर आतून खातं. रबरी होज बाहेरून धड दिसतात. आतून फुगले की पेडल सोडल्यावरही ब्रेक धरून ठेवतात. तिथे दुरुस्ती करत बसण्यात अर्थ नाही. पुढचे कॅलिपर, मागचे व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडर, सगळे पाइप आणि होज नवे घ्यायचे. टायरसुद्धा, कितीही धारदार दिसोत. जुन्या गाडीवर जीव असलेले काही लोक मूळचा प्रत्येक भाग जपायचा आग्रह धरतात. सीटवरच्या सुरकुत्या नि डॅशबोर्डवरचे चरे मीही जपणार आहे. पण माणसाचा जीव ज्यावर अवलंबून आहे त्या भागाचं वय बघायचं, मूळपण नव्हे.

दुसरं, इंधन. टाकीतल्या पेट्रोलचा डिंक झाला होता. एमजीबीच्या टाकीच्या माथ्यावर, डिकीच्या तळाखाली, चिखल साठतो आणि पत्रा वरून सडतो. म्हणून टाकी काढून बघितलीच पाहिजे. शिवाय ही गाडी झोपली असताना इंग्लंडात पेट्रोलच बदललं. शिसं घातलेलं पेट्रोल २००० च्या सुरुवातीला बंद झालं. ते शिसं एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटला सांभाळायचं. या हेडमध्ये कठीण धातूच्या सीट असल्याची काही खूण नाही. म्हणून तूर्त पेट्रोलमध्ये ॲडिटिव्ह घालायचं, आणि हेड उतरेल तेव्हा नव्या सीट बसवून घ्यायच्या. २०२१ पासून साध्या पंपावर दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या रबराला ते सोसत नाही, म्हणून होज इथेनॉल सोसणारे आणि पेट्रोल महागातलं, पाच टक्केवालं.

इंजिनाची पाळी त्यानंतर आली. प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडलं आणि मुरू दिलं. मग क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून हळूच जोर दिला. सुरुवातीला काहीच हललं नाही. पुन्हा ऑइल, पुन्हा वाट. एके दिवशी पाना किंचित सरकला, आणि पुढे अख्खा फेरा पुरा झाला. जुनं ऑइल काढलं, फिल्टर बदलला, २०डब्ल्यू५० भरलं. या इंजिनाचे टॅपेट कॅमवर सपाट घासतात, त्यांना झिंकयुक्त, जाडसर ऑइल मानवतं. प्लग बाहेर ठेवूनच सेल्फ मारला, ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत. काटा उचलला तेव्हा मी मोठ्याने मामांचं नाव घेतलं. टॅपेटही लावले, पंधरा थाऊवर, नवाच्या हिशेबाने. मुलगी आकडे सांगायला उभी राहिली होती; दुसऱ्या व्हॉल्व्हनंतर तिने मला विचारायची वाट पाहिली नाही.

टाकी अजून बाहेरच आहे, म्हणून डब्यातल्या पेट्रोलवर इंजिन थोडा वेळ चालवून पाहिलं. आवाजात ठोका नाही. क्लच प्लेट मात्र फ्लायव्हीलला चिकटली आहे. पेडल दाबूनही गिअर पडत नाही. गरम इंजिनावर सुटली तर उत्तम, नाहीतर इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्र उतरवावे लागतील. तसं झालं तर हेडच्या सीटचं काम त्याच वेळी उरकेन.

सिल सर्वांत खर्चाचं. जुना कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करावा लागतो, नाहीतर गाडी मध्ये वाकते आणि दार पुन्हा कधीच नीट बसत नाही. हे काम मी गावातल्या वेल्डरला देणार आहे. त्याने अशा गाड्या केलेल्या आहेत आणि डाव्या बाजूसाठी फेब्रुवारी दिला आहे. नवा पत्रा मिळण्याची चिंता नाही. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून जुन्या मूळ डायवर एमजीबीच्या अख्ख्या बॉडी काढते आहे.

चाळीस वर्षांवरच्या, फारसे बदल न केलेल्या गाडीला इथे वार्षिक तपासणीची सक्ती नाही. तरी मे महिन्यात मी ती करून घेणार आहे. ब्रेक रोलरवर चारही चाकांचे आकडे बघितल्याशिवाय मुलीला शेजारी बसवणार नाही. आकडे आले की कागद मामांना पाठवायचाय. त्यांनी मागून ठेवलाय.