घट बसायच्या आत

पितृपंधरवड्यातल्या सोमवारी बेल्ह्याच्या बाजारात सुतळी आणायला गेलो होतो. माळ्यावरची वर्तमानपत्रं बांधून रद्दीला द्यायची असा संकल्प होता, आणि संकल्पाला सुतळी लागते. दुकानदाराच्या डोक्यावर पत्र्याची जुनी पाटी होती : आज रोख, उद्या उधार. ही पाटी मी आयुष्यभर कुठे ना कुठे वाचत आलो आहे, पण त्या दिवशी ती जिव्हारी लागली. त्या माणसाला उधार कधीच द्यायचं नाही, म्हणून तो उद्याचा वायदा करतो. माळ्याला मी अकरा वर्षं तोच वायदा करत आलो आहे.

सुतळी घेतली आणि सरळ घरी यायचं सोडून बैलबाजारात शिरलो. बेल्ह्यात सोमवारी आलेल्या माणसाने बैल न बघता परत जाणं म्हणजे पंढरपुरात जाऊन नुसता चहा पिऊन येणं. आळेफाट्यावरून नगरच्या अंगाला निघालं की हे गाव लागतं आणि त्याच्या पुढे आण्याचा घाट. बाजारात अजूनही काही म्हातारे रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवताना दिसतात. जबडा उघडून दात बघायचे, आदत, दुसा, चौसा की जुळलेला ते बघायचं, पाठीवर थाप मारायची, रुमाल टाकायचा. दोन माणसांच्या चेहऱ्यावरची रेषही हलत नाही आणि हजारोंचा सौदा मिनिटभरात तुटतो किंवा जुळतो. मला तर रिकाम्या बरणीचं झाकण ठेवावं की टाकावं, हे ठरवायला आठवडा लागतो.

तरी चालढकलीला सरसकट आळस म्हणायला मी तयार नाही. आमच्या या पट्ट्याचा दाखलाच बघा. बैलगाडा शर्यती सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बंद केल्या. शर्यतींचे घाट ओस पडले. तेव्हा ज्याने व्यवहारी होऊन गाडा मोडला आणि जळणाला घातला, तो फसला. ज्याने ‘बघू, राहू दे’ म्हणून तो गोठ्याच्या आढ्याला टांगून ठेवला, त्याच्यासाठी २०२१च्या डिसेंबरात परवानगी आली आणि २०२३च्या मे महिन्यात घटनापीठानेही ती उचलून धरली. कांद्याचंही तेच. उन्हाळी कांदा बराखीत भरायचा आणि भावाची वाट बघत रोज म्हणायचं, अजून आठ दिवस. कधी त्या आठ दिवसांत पैसे होतात. कधी सरकार एका रात्रीत निर्यात बंद करतं, आणि बराखीतला कांदा आपला कोंब फुटून मोकळा होतो. थांबणाऱ्याला शहाणा म्हणायचं की आळशी, हे कांदा विकल्यावरच कळतं.

माझा माळा मात्र कुठल्याच भावाची वाट बघत नव्हता.

घरी आलो तर आई ओट्यावर बसलेली. हातातल्या सुतळीकडे बघून म्हणाली, “दसरा कधी काढायचा? घट आले की तोंडावर.”

‘दसरा काढणे’ हा शब्द शहरात राहून मी जवळजवळ विसरलोच होतो. घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं बाहेर काढायचं, धुवायचं, घासायचं, सारवायचं आणि मग आत घ्यायचं, त्याचं नाव दसरा काढणे. यात कुणाच्या मनाची तयारी लागत नाही. तिथी पंचांगात छापलेली असते. सर्वपित्री अमावास्या आटोपली की दुसऱ्या दिवशी घट, आणि घट काही तुमची सवड विचारून बसत नाहीत. घर नीट ठेवायचे उपाय सांगणारं पुष्कळ वाचलं, पण इतका कडक उपाय कुणी सांगितला नाही : घरात देव बसणार आहे, आणि सगळ्या गावाला ती तारीख माहीत आहे.

आमच्या दसऱ्यात सगळ्यांत मोठा दिवस असायचा गोधड्यांचा. भांडी, डबे, कोनाडे, जाळीजळमटं हे सगळं बायका एकट्यादुकट्या उरकत. गोधडीला मात्र माणसं लागत. ओली गोधडी एकट्या माणसाला उचलत नाही. वाळलेली असताना जी अंगावर हलकी, ती पाण्यात पडली की जनावरासारखी बसून राहते. विहिरीवर मोटार चालू असेल तो दिवस धरायचा. शेजारपाजारच्या चार घरांच्या गोधड्या बैलगाडीत घालायच्या आणि त्यांवर आम्हा पोरांना बसवायचं. घमेल्यात सोडा कालवून गोधड्या त्यात भिजवायच्या आणि मग पोरांना त्यांवर नाचायला सोडायचं. वर्षभर ज्या गोधडीवर पाय ठेवला म्हणून धपाटा मिळायचा, तिच्यावर त्या एका दिवशी चिखल तुडवल्यासारखं नाचायची मुभा. पाणी आधी चहासारखं, मग विटकरी, मग राखी. प्रत्येक गोधडीचं पाणी वेगळं निघायचं, आणि बायका ते बघून कुणाच्या घरात चूल जास्त धुरते तेही सांगायच्या. मग दोघींनी दोन टोकं धरून पिळा द्यायचा. पिळता पिळता त्या एकमेकींपासून मागे झुकत आणि मधल्या गोधडीचा जाडजूड दोर होई. एकीचा हात सुटला की दुसरी धप्पकन मागे बसायची. हसण्याचा आवाज आमच्या शेताच्या बांधापर्यंत जायचा. एरवी बायका इतक्या मोठ्यांदा हसलेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

मग गोधड्या बांधावर, दगडांवर, बाभळीच्या झुडपांवर पसरायच्या. तेव्हा कळायचं, कुणाच्या घरात किती माणसं झोपतात.

उन्हात पसरलेली गोधडी मी पालथा पडून वाचत असे. हा तुकडा आजीच्या इरकलीचा, हे आजोबांचं धोतर, ही माझीच खाकी चड्डी, हा आत्याच्या साखरपुड्याच्या पातळाचा काठ. पण खरी गंमत पोटात. विटलेल्या गोधडीला आजी टाकत नसे. तीच आत घालून वरून नवीन पातळ चढवायची आणि पुन्हा धावदोरा. एका गोधडीच्या आत तिची आई, तिच्या आत तिची आजी. त्या घरात ‘ठेवू की टाकू’ हा प्रश्न मी कधी ऐकला नाही. प्रत्येक वस्तू पुढच्या गावाला निघालेली असायची. पातळाची गोधडी, गोधडीचं बाळाचं दुपटं, दुपट्याचं फडकं, फडक्याचं पोतेरं, आणि शेवटी पोतेरं मातीला. अडगळ म्हणजे वाटेत बसून राहिलेली वस्तू. माझ्या माळ्यावर तारांचे गुंतवळे आहेत, बंद पडलेले मोबाईल आहेत, थर्माकोलचे खोके आहेत. त्यांना पुढचं गावच नाही. त्यांचं पोतेरं होत नाही. आवरायला माणूस धजत नाही याचं निम्मं कारण मला हे वाटतं, आणि उरलेलं निम्मं सांगायला जरा लाज वाटते : दसरा काढणारे हात कधीच माझे नव्हते. मी फक्त नाचत होतो. ज्याच्यासाठी दुसरं कुणी आवरतं, त्यालाच ‘उद्या’ परवडतो.

दुसऱ्या दिवशी शिडी लावली. वर हात घातला तर पहिल्यांदा हाताला लागली ती वडिलांच्या बैलाची झूल. तिच्यावरच्या आरशांतले निम्मे फुटलेले, गोंडे कसरीने खाल्लेले. बैल बेल्ह्याच्याच बाजारात गेला, ट्रॅक्टर आला त्या साली. आसपासच्या बऱ्याच गावांचा पोळा भाद्रपदी असतो. काल बाजारात मी नवे गोंडे, घुंगरमाळा, शिंगांचे रंग बघूनच आलो होतो. झूल आईला दाखवली. “टाकू का?” तिने ती मांडीवर घेतली, आरशावरची धूळ पदराने पुसली आणि म्हणाली, “मला नको इचारू.” इथून जवळच आळ्याला ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी आहे. लोक तिथे नारळ फोडतात. ज्या मुलखात जनावराला समाधी मिळते, तिथे त्याच्या झुलीला अडगळ म्हणायची माझी काय टाप? मी ती परत वर ठेवली आणि शिडीवरून उतरून गोधड्यांकडे वळलो.

पाऊस उघडीप देत नव्हता. सोडा घमेल्यात घातला आणि साठीला टेकलेला मी एकटाच गोधडीवर नाचलो. पाणी चहासारखंच निघालं. पिळायला दुसरं टोक धरणारं कुणी नव्हतं, म्हणून ते खांबाला बांधलं. रिकाम्या बराखीच्या आडोशाला दोरी अपुरी पडली, तेव्हा रद्दीसाठी आणलेली सुतळी तिपदरी पीळ घालून बांधली. आई ओट्यावरून बघत होती. “पीळ उलटा देतोयस,” एवढंच म्हणाली.

त्या वर्षी, २०२५ साली, घट २२ सप्टेंबरला बसले, सोमवारी, बाजाराच्याच दिवशी. माळा होता तसाच राहिला. गोधड्या मात्र पाचही धुऊन झाल्या. त्यांतल्या दोन अजून दमट होत्या.