पंच्याहत्तर गोळे

मराठी माणसाच्या बुद्धीची सरकारी मोजणी आयुष्यात एकदा, फार तर दोनदा होते, आणि पहिली होते ती वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी. पुढे तो माणूस मामलेदार होवो की किराणा दुकान टाको, गावात त्याच्याबद्दल बोलताना कोणीतरी म्हणतंच, "चौथीत स्कॉलरशिपला बसला होता बरं का!" मिळाली का, हे कोणी विचारीत नाही. नुसतं बसणं पुरतं. निवडणुकीला एकदा उभा राहून पडलेला माणूस जसा जन्मभर 'माजी उमेदवार' म्हणून मिरवतो, तसलाच हा प्रकार.

आमच्या आजोबांच्या वेळी हा मान व्हर्नाक्युलर फायनलला होता. सातवी संपल्यावरची ती परीक्षा पास झाली की माणूस मास्तर व्हायला मोकळा. लग्नपत्रिकेत नावापुढे 'व्ह. फा.' छापून येई आणि मुलीकडचे ती दोन अक्षरं बोटानं चाचपून पाहत. पुढे १९५४-५५ पासून शिष्यवृत्ती परीक्षा आली. चौथीला एक, सातवीला एक. तेव्हापासून नगर जिल्ह्यातल्या प्राथमिक शिक्षकाच्या घरी संक्रांत, महाशिवरात्र आणि शिष्यवृत्ती असे तीन सण लागून येतात. पहिल्या दोघांना सुट्टी असते, तिसऱ्याला जादा तास असतात. नगरला शिकवण्याची खोड तशी जुनीच. खुद्द सावित्रीबाई फुले मास्तरकी शिकायला फॅरारबाईंच्या शाळेत आल्या होत्या त्या आमच्या नगरला. (जिल्ह्याचं नाव २०२४ साली अहिल्यानगर झालं, पण यष्टीत कंडक्टरनं "कुठं?" विचारलं की तोंडातून अजून 'नगर'च निघतं. साठीची जीभ आहे, तिला राजपत्र वाचता येत नाही.)

मधे सरकारला वाटलं की कायद्यानं प्राथमिक शिक्षण पाचवीपर्यंत, तर परीक्षाही पाचवीला आणि आठवीला असावी. २०१६-१७ पासून तसं झालं. आता गंमत पाहा. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा चौथीला संपतात. म्हणजे पोराला चार वर्षं घासायचं आम्ही, आणि चकाकायचं त्यानं हायस्कुलात! शेवटी २०२५ साली पुन्हा चौथी-सातवीचा निर्णय झाला. मी तोवर निवृत्त झालो होतो. सरकार माझ्या निवृत्तीची वाट पाहत होतं असं माझी बायको म्हणते.

परीक्षेचा थाट म्हणजे पेपर दोन, प्रत्येकाला पंच्याहत्तर प्रश्न, दीडशे गुण, दीड तास. लिहायचं काही नाही. चारांतला एक गोल काळा करायचा. आम्ही पोरांना पहिली दोन वर्षं गोल रंगवायला शिकवतो, मग त्या गोलात सूर्य, आंबा, चेंडू बघायला शिकवतो, आणि पाचवीत सांगतो की बाबा रे, हा नुसता गोल आहे, बाहेर शाई जाऊ देऊ नकोस.

भाषा, गणित, इंग्रजी हे सरळ. खरा मानाचा विषय बुद्धिमत्ता चाचणी. बुद्धी मोजायची ही युक्ती पॅरिसच्या बिने नावाच्या गृहस्थानं १९०५ साली काढली. तीही, शाळेत मागे पडणारी पोरं ओळखून त्यांना मदत करावी म्हणून. आपल्याकडे डॉ. कामतांनी ती कानडी आणि मराठी पोरांसाठी बेतून घेतली. आम्ही मागच्या पोरांसाठी निघालेली पट्टी पुढच्या पोरांना लावली, एवढाच फरक. या विषयात एक माणूस असतो. तो घरातून निघतो, पाच किलोमीटर उत्तरेला जातो, उजवीकडे वळून तीन किलोमीटर जातो, पुन्हा उजवीकडे वळतो आणि मग पोरांना विचारतो, मी कुठल्या दिशेला आहे? असा माणूस पाथर्डी तालुक्यात दिसला तर लोक त्याला धरून देवऋषीकडे नेतील.

पण हसू नका. या गोळ्यांवर शाळा उभ्या असतात. दोन पोरं यादीत आली की चौकात फ्लेक्स लागतो. त्यावर पुढाऱ्याचा फोटो कणगीएवढा आणि पोरांचे पोस्टाच्या तिकिटाएवढे, पण लागतो. तो पाहून जूनमध्ये पहिलीत चार पोरं जास्त येतात; पिवळ्या बसमधून इंग्लिश मीडियमला निघालेलं एखादं खाली उतरतं. पट टिकला की मास्तर टिकतो. त्यामुळे जानेवारीत सकाळी साडेसातला वर्गात बसलेल्या पोरापेक्षा समोर उभ्या असलेल्या गुरुजींचं काळीज जास्त धडधडत असतं.

माझी शेवटची शाळा पाथर्डीकडची, पाचवीपर्यंत. आमचा जिल्हा चौदा तालुक्यांचा, राज्यात सगळ्यात मोठा, आणि त्याची वाटणीही मजेची आहे: उत्तरेला प्रवरा-गोदावरीच्या काठी कारखाने, दक्षिणेला आमच्याकडे कोयते. दिवाळी झाली की मुकादमाचा ट्रक येतो आणि गाव रिकामं होतं. परीक्षा फेब्रुवारीत. म्हणजे बुद्धी मोजायच्या दिवशी निम्मी बुद्धी फडात पाचट गोळा करीत असते.

२०२३च्या दिवाळीत माझ्या पाचवीतली एक पोरगी अशीच निघाली होती. तिच्या धाकट्या भावाला सांभाळायला कोणी हवं होतं. मी दोनदा घरी गेलो, तिसऱ्यांदा मुख्याध्यापकांना घेऊन गेलो. शेवटी तिच्या आजीनंच निकाल दिला : "ऱ्हाऊ द्या तिला माझ्यापशी. शेळ्या हायेतच, त्यात एक." भावाला मात्र आईबरोबर जावं लागलं.

पोरगी हुशार, पण तिची हुशारी मार्गदर्शकात छापलेली नव्हती. गटात न बसणारा शब्द : गाय, म्हैस, शेळी, बैल. ती म्हणाली, बैल. मी म्हटलं, शाबास, का? मला वाटलं म्हणेल, दूध देत नाही. म्हणाली, "त्यो कारखान्याला जातो. बाकीच्या आजीपाशी ऱ्हात्यात." सहा मजूर एक काम आठ दिवसांत करतात, तर बारा मजूर किती दिवसांत? तिनं विचारलं, "बारा मजूर का बारा कोयते?" एक कोयता म्हणजे नवरा-बायको, दोन माणसं, प्रश्न काढणाऱ्याला हे कुठून माहीत! मजूरच, म्हटल्यावर तिनं चार दिवस सांगितलं आणि हळूच पुस्ती जोडली, "गाडी येळंवर आली तर."

मी तिला सांगितलं, कारण कोणाला सांगायचं नाही, नुसता गोल काळा करायचा. चाळीस वर्षांच्या नोकरीत पोरांना 'कारण सांगा' शिकवलं आणि जाता जाता हे सांगितलं.

परीक्षेच्या रविवारी केंद्राबाहेर तिचा बाप उभा. रात्रभर यष्टीनं आला होता, हातात दोन ऊस. दुपारी पोरगी बाहेर आली तेव्हा त्यानं विचारलं, "कसा गेला?" ती म्हणाली, "दोन्ही टायमाला पंच्याहत्तर गोळे. एक बी कोरा न्हाई." हिशेबाला माणूस खूश झाला, त्याच्या धंद्यात काम मोजूनच देतात. संध्याकाळच्या गाडीनं तो परत गेला.

यादीत तिचं नाव आलं. २०२३ सालीच सरकारनं पाचवीची रक्कम वाढवून वर्षाला पाच हजार केली होती, तीही तीन वर्षं. आठवीपर्यंत पोरगी गावात राहायला एवढं निमित्त आजीला पुरणार होतं. मी बापाला कागद भरायला शाळेत बोलावलं. तो आला, टोपी मांडीवर ठेवून बसला, आकडा दोनदा विचारून घेतला आणि बराच वेळ गप्प राहिला.

मग म्हणाला, "गुरुजी, ही उचल कशी फेडायची?"

"उचल नाही हो ही. फेडायची नाही."

"मंग त्या बदल्यात पोरीनं कामाला कुठं जायाचं?"

"कुठंच नाही. शाळेत."

त्यानं माझ्याकडे, मग मुख्याध्यापकांकडे पाहिलं. मुकादमासमोर बसायची सवय असलेला माणूस; अंगठा पुढे करून म्हणाला, "बरं, लावतो. पण कागद आधी हिला वाचू द्या."

पोरगीनं कागद वाचला. पहिल्या ओळीपासून, मोठ्यानं, एक शब्द न गाळता. मुख्याध्यापकांचा चहा निवून गेला.