संथ काठी

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील कित्येक नद्यांचे पाणी इतके नितळ, की तळाचा गोटा न् गोटा मोजून घ्यावा. त्यात वावरणारा तपकिरी ट्राउट मोठा संशयी. १८६७ साली टास्मानियाहून आणलेल्या अंड्यांपासून त्याचा वंश तेथे सुरू झाला. दोरीची सावली पडली, की स्वारी पसार. मग दुसऱ्यासाठी काठाने बरेच चालावे! म्हणून पहिल्या फेकीवरच सारी भिस्त.

दुकानदार ताठ काठीची शिफारस करितो. तिने दोरी दूर जाते खरी. परंतु दूर फेकण्याची हौस आपली, माशाची नव्हे. पिसांच्या माशीस वजन कसले? तिला नेते ती दोरी. तेव्हा दोरी हलकी, ४ किंवा ५ क्रमांकाची, आणि काठी ९ फुटी, मुठीपर्यंत संथ वाकणारी असावी, असे आम्हांस वाटते. तिची माशी सावरीच्या कापसासारखी उतरते. शिवाय मोठा मासा उसळला असता काठीच वाकून टोकाचा केसासारखा धागा वाचविते. वाऱ्यापुढे मात्र तिचे काही चालत नाही.

बांबूच्या सहा पट्ट्या जोडलेली जुनी काठी या कामी फार गोड, पण जड. आमच्या मनगटाकडे पाहून आम्ही कार्बनचीच घेतली. ताठ मात्र नव्हे. दुकानदार थोडा खट्टू झाला.