नवगावचे दोन उंचवटे

अलिबागहून रेवसच्या रस्त्याला लागले की थळ-किहीमच्या परिसरात, नारळाच्या वाड्यांमधून नवगाव लागते. समुद्र जवळच, पाण्यात खांदेरी-उंदेरी. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, आपली कथा इथूनच सुरू करतात. फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत या भागात फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. किनाऱ्याला लागलेली प्रेते त्यांनी नवगावात पुरली. एका उंचवट्याखाली पुरुष, दुसऱ्याखाली स्त्रिया, असे परंपरा सांगते. आता तिथे स्मारकस्तंभ आहे. हे केव्हा घडले यावर इतिहासकार खुशाल वाद घालोत.

वाचलेल्यांच्या वंशजांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून ते 'शनवार तेली' झाले. गावांवरून पेणकर, रोहेकर झाले. भाषा मराठी, मरणाच्या रीती मात्र ज्यू धर्माच्या. दफनभूमीला हिब्रूत 'बेत हायीम' म्हणतात. अर्थ, जिवंतांचे घर!

म्हाताऱ्या माणसाला ज्यू लोक एकशेवीस वर्षांचे आयुष्य चिंतितात, कारण मोशे तेवढे जगला. आपण शंभरावरच थांबतो. मृत्यूनंतर मात्र सारे झटपट आणि साधे. दफन शक्यतो त्याच दिवशी. प्रेताला स्नान घालून पांढरे कापड नेसवायचे, श्रीमंताला तेच आणि गरिबालाही तेच. घरच्यांनी अंगावरचा कपडा थोडा फाडायचा. पहिले जेवण शेजारपाजारचे आणतात, त्यात उकडलेली अंडी असतात. मग सात दिवस घरातच, खाली बसून दुखवटा. भेटायला आलेल्याने आधी बोलायचे नाही; ज्याचे माणूस गेले, तो बोलेपर्यंत गप्प राहायचे. आपल्याकडे लिंगायत घरांत दफनाची रीत आहे, आणि सुतक हा शब्द मराठीइतकाच कन्नडमध्येही चालतो. त्यामुळे आपल्या वाचकांना यातले पुष्कळ ओळखीचे वाटेल. ते गप्प बसणे मात्र आपण त्यांच्याकडून घ्यावे असे आहे. 'कसं झालं हो?' हा प्रश्न दारातच विचारणारे आपल्याकडे कमी नाहीत.

आईवडिलांसाठी मुलगा 'कद्दीश' ही प्रार्थना म्हणतो. तिच्यात मृत्यूचा शब्दही नाही, आहे ती देवाची स्तुती. पापी जिवाचा न्याय बारा महिने चालतो अशी समजूत. म्हणून कद्दीश अकराच महिने म्हणायची. आपले वडील पापी होते असे मुलाने का सुचवावे?

पण ती एकट्याने म्हणता येत नाही. जुन्या रीतीप्रमाणे दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात, आणि खरी अडचण इथेच आहे. १९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले, पुढच्या दशकांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. अलिबागेत इस्रायल आळी हे नाव राहिले, पण कोकणच्या गावांत घरे एकदोनच. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना मरणाची भीती नसेलही, दहाव्या माणसाची काळजी मात्र असते. माणसे मुंबई-ठाण्याहून बोलवावी लागतात. मुलगा अश्दोदला किंवा दिमोनाला असला तर कद्दीश तिकडे म्हटली जाते, थडगे इकडे.

तिकडून नातेवाईक येतात तेव्हा थडग्यावर फुले वाहत नाहीत, लहानसा दगड ठेवतात. पुष्कळ जुन्या थडग्यांवर हिब्रूच्या जोडीला मराठी मजकूर आहे. तिकडे वाढलेल्या नातवंडांना देवनागरी येतेच असे नाही, मग बरोबर आलेली आजी बोट ठेवून वाचून दाखवते.