लाकडाचा ठोकळा

वीस वर्षे मुलांच्या वह्या तपासल्यावर मी छातीठोकपणे सांगतो, दुसऱ्याचे अक्षर लावणे हे ब्रह्मदेवाचेही काम नव्हे. अ‍ॅपल कंपनीने मात्र १९९३ साली तो विडा उचलला! तिचे ‘न्यूटन’ नावाचे हातात मावणारे यंत्र कोणाचेही हस्ताक्षर वाचणार होते. वाचले भलतेच. पुढे ते सुधारले, पण झालेले हसे काही पुसले गेले नाही. १९९८ मध्ये न्यूटनचा अवतार संपला.

जेफ हॉकिन्स हा गृहस्थ निराळा. यंत्र करण्याआधी त्याने तेवढाच लाकडाचा ठोकळा खिशात घालून हिंडावे, कोणी भेटीची वेळ मागितली की त्यावर काडीने लिहिल्याचे सोंग करावे! खिशाला काय पेलते, ते त्याला असे उमगले. १९९६ च्या त्याच्या ‘पायलट’ने वाटेल ते अक्षर वाचण्याची प्रौढी मिरवलीच नाही, उलट माणसांनाच सोपी मुळाक्षरे शिकवली. इंग्रजी ‘ए’ काढायचा तो आडव्या रेघेवाचून, हात न उचलता. आणि शिकल्यासवरल्या लोकांनी ती हौसेने गिरवली! (आमच्या वर्गात शुद्धलेखनाला ही हौस कुठे?) किंमत न्यूटनच्या निम्म्याहून कमी होती, हेही खरेच. पण मला कौतुक त्या गिरवण्याचे. तो ठोकळा आता कॅलिफोर्नियातल्या संगणकांच्या संग्रहालयात जपून ठेवला आहे.