वर्तुळातला बंगला आणि मैदानाकाठची इमारत

व्हाइटफील्ड, बंगळूर

ती. दादा,


परवा फोनवर तू म्हणालास, सोसायटीच्या सभेत कुणीतरी ‘हेरिटेज’ हा शब्द काढला आणि निम्मी सभा अंगावर धावून गेली. मला नवल वाटलं नाही. २०१२ साली मुंबई महापालिकेने आपल्या शिवाजी पार्कसकट आठशेहून अधिक वास्तू आणि परिसरांची नवी प्रस्तावित वारसा यादी जाहीर केली होती, तेव्हाचा गदारोळ विसरले नाहीये. पुनर्विकास अडकणार, म्हाताऱ्यांना लिफ्ट मिळणार नाही, घराची किंमत पडणार! सगळी भीती खोटी होती असं मी म्हणत नाही. पण इथे मी नेमकं उलटं बघतेय.

आमच्या कॉम्प्लेक्सपासून इनर सर्कल, म्हणजे व्हाइटफील्डची जुनी गोल वस्ती, चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तिथल्या एका बंगल्याच्या मालकीणबाई ऐंशी ओलांडलेल्या आहेत. मुलं परदेशात, बिल्डरचे दलाल फाटकाशी. आणि बाई म्हणतात, माझं घर वारसा म्हणून नोंदवून घ्या. त्यांचे कागद लावून द्यायला मी मधूनमधून जाते. मंगलोरी कौलं, समोर खोल व्हरांडा, आणि खिडक्यांवर ‘मंकी टॉप’, म्हणजे लाकडी टोकदार टोपरं. अरुंद पट्ट्या उभ्या शेजारी-शेजारी ठोकलेल्या, प्रत्येकीचं खालचं टोक कातरलेलं. ऊन-पाऊस बाहेर राहतो आणि आतून रस्ता दिसतो. दोन पट्ट्या वाळवीने खाल्ल्यात. तशा कातरून देणारा सुतार शोधायचा म्हणजे दिव्यच. कौलं शाकारायचा खर्च ऐकलास तर तू बिल्डरच्या बाजूचा होशील.

या जागेची कुळकथा तुला ठाऊक नसेल. १८८२ मध्ये म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वाडियार यांनी युरेशियन आणि अँग्लो-इंडियन असोसिएशनला ३,९०० एकर जमीन दिली. नोकरीसाठी सरकारच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा आपल्या लोकांनी शेती करून उभं राहावं, ही मद्रासच्या डी. एस. व्हाइट यांची कल्पना. त्यांच्याच नावावरून व्हाइटफील्ड. वस्ती आखली ती गोल: मध्ये हिरवळ, भोवती रस्ता, रस्त्याकडेला घरं. शेतीचा बेत काही फारसा फळला नाही, आखणी मात्र टिकली. आयटी पार्क आलं, २०२३ मध्ये मेट्रो आली, पण नकाशावर ते वर्तुळ अजून बोटाने गिरवता येतं.

आता गंमत ऐक. अर्जात काय लिहायचं म्हटलं की इथला प्रत्येकजण चर्चिलची गोष्ट काढतो. १८९६ नंतर तो बंगळूरच्या छावणीत होता एवढं खरं. तो इथल्या वेव्हर्ली इन या उतारशाळेत यायचा आणि मालक हॅमिल्टनच्या मुलीवर त्याचा जीव जडला होता, ही मात्र ऐकीव गोष्ट. मी बाईंना स्पष्ट सांगितलं, चर्चिलला वगळा. उद्या कुणी पुरावा मागितला की चर्चिलबरोबर तुमचं घरही पडेल. तुमचं म्हणणं एवढंच ठेवा की हे घर त्या वर्तुळाचा एक दात आहे आणि दात पडत गेले की तोंड बोळकं होतं.

पण अर्ज करायचा कुठे? कर्नाटकाचा १९६१ चा पुरातन वास्तूंचा कायदा आहे, तो देवळं, किल्ले, शिलालेख डोळ्यांपुढे ठेवून बेतलेला. माणूस राहत असलेला, गळका, खासगी बंगला त्यात बसवणं कठीण. वारसा जपणाऱ्या इंटॅक संस्थेची माणसं आस्थेने नोंदी करतात, पण त्यांच्या नोंदीला कायद्याचं बळ नाही. नोंद भिंतीवर टांगा, पोकलेन काही तिला विचारत नाही. सरकारी मालकीच्या वास्तूही सुटत नाहीत. लालबागेतला क्रुम्बिगेल हॉल २०१७ मध्ये गेलाच.

आणि तुमच्याकडे? वारसा जपण्यासाठी झटणाऱ्या श्याम चैनानींसारख्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि १९९५ मध्ये मुंबईला वारसा नियमावली मिळाली. देशातली अशी पहिलीच. खासगी इमारतीही त्यात आल्या, सबंध परिसरही आले. श्रेणी ठरल्या, समिती झाली, आणि नोंदीमुळे बांधकामाचा हक्क बुडाला तर टीडीआरची, म्हणजे तो हक्क दुसरीकडे वापरण्याची किंवा विकण्याची, तरतूदही. ओव्हल मैदानाच्या एका बाजूच्या गॉथिक आणि दुसऱ्या बाजूच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. आधीची वीस-बावीस वर्षं त्या इमारतींवर या नियमांची पाखर नसती, तर काय उरलं असतं कोण जाणे.

शिवाजी पार्कचं तेच आहे. आपली इमारत एकटी काही ताजमहाल नाही. तीन मजले, अर्धगोल गॅलऱ्या, जिन्यात मोझॅइक. पण मैदानाभोवती बेताच्या उंचीच्या इमारतींची ती ओळ आहे, म्हणून कट्ट्यावर बसलं की आभाळ दिसतं. यादी करणाऱ्यांनी ओळ बघितली, तुम्ही सगळ्यांनी आपापला फ्लॅट बघितला. आणि सभेत आरडाओरड करणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्यासारख्या इमारतींसाठीचा श्रेणी तीनचा नियम वाचलाय? त्यात आतबाहेर बदल करता येतात, नव्या गरजांसाठी फेरफार करता येतात, इमारत कमकुवत आणि धोकादायक ठरली तर पाडून पुन्हा बांधायलाही वाट आहे. बंधन आहे ते परिसराची ठेवण न बिघडवण्याचं. बिल्डरला चाळीस मजले हवेत म्हणून त्याला ते जाचतं. तुला का जाचावं?

एक मान्य करते. दुरुस्तीचा पैसा मालकाने एकट्याने घालायचा आणि शोभा गावाने बघायची, हा अन्याय आहे. मालमत्ता करात सूट, दुरुस्तीला स्वस्त कर्ज, हे मागायलाच हवं. पण ते मागायचं नोंद स्वीकारून, नोंद उधळून नव्हे. इथल्या बाईंना मागायची खिडकीच सापडत नाही. तुमच्यासमोर खिडकी उघडी असून तुम्ही ती आतून लावून घेताय.

तेव्हा पुढच्या सभेला जाताना नियमाची प्रत बरोबर ने, श्रेणी तीनचा भाग मोठ्याने वाचून दाखव, आणि विरोध झाला तरी तुझं म्हणणं इतिवृत्तात नोंदवून घे.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
धाकटी