जप्त केलेले फांसे

फांसा या वस्तूविषयीं माझें मन लहानपणापासून कलुषित होतें. आमच्या घरीं पत्ते नव्हते, सारीपाट नव्हता. वधस्तंभाच्या पायथ्याशीं शिपायांनीं प्रभूच्या झग्यासाठीं चिठ्ठ्या टाकल्या, त्या प्रसंगाचें चित्र शब्बाथशाळेच्या भिंतीवर टांगलेलें असे, आणि चित्रकारानें शिपायांच्या हातीं फांसे दिले होते. शेजारच्या हिंदु मित्राकडे जावें तर तेथें शकुनीमामाची कथा. दोन्ही घरांची साक्ष अशी एक झाल्यावर फांशाची बाजू घेण्यास तिसरा कोण येणार? प्रेषितांनीं मत्थियाची निवडही चिठ्ठ्या टाकूनच केली, हें मी वाचलें होतें खरें. पण तें सोयीस्करपणें विसरत असें.

गेल्या वर्षीं सप्टेंबरच्या अखेरीस एका शनिवारीं रात्रीं वसतिगृहांत फेरी घालीत असतां भोजनगृहांत दिवा दिसला. मेजाभोंवतीं सहा मुलें बसलीं होतीं. मध्यें फांसे, प्रत्येकापुढें आंकडे लिहिलेला कागद, आणि मेजाच्या कडेस दहा रुपयांची एक नोट. मला अधिक पुरावा नको होता. फांसे उचलले, कागद गोळा केले आणि कोणाचा एक शब्दही न ऐकतां मुलांस झोपावयास पाठविलें. सोमवारीं मुख्याध्यापकांस सांगितलें कीं मुलें पैसे लावून खेळत होतीं. ‘खेळत असावींत’ असें मीं म्हटलें नाहीं. ‘होतीं’ असें म्हटलें.

त्यांतील दहावींतला मुलगा वसतिगृहाचा मॉनिटर होता. त्याचें पद गेलें आणि घरीं पत्र गेलें. वडील चिखलीकडील एका खेड्यांतून, सोयाबीनची सोंगणी अर्ध्यावर टाकून, एस्. टी. नें आले. कचेरीच्या दारांत टोपी हातांत घेऊन उभे राहिले, सर्व ऐकून घेतलें, आणि मुलास पंधरा दिवस घरीं घेऊन गेले. ‘सोंगणीला दोन हात झाले,’ एवढेंच जातांना म्हणाले.

कागद व फांसे माझ्या खणांत पडून राहिले. पुढें एकदां वह्या तपासून कंटाळा आला तेव्हां ते बाहेर काढले. जुगाराचा हिशेब म्हणावा तर तो कांहीं निराळाच होता. एका कागदावर कोणा वीराचें नांव, त्याखालीं ‘आशा 12, छाया 3’, आणि मग दोर, कंदील, शिदोरी अशी सामानाची याद. दुसऱ्यावर डोंगर व नद्या यांचा नकाशा. फांशांतही एक बारा बाजूंचा होता. त्याच्या दहा बाजूंवर एक ते दहा आंकडे, अकरावीवर एक उघडा डोळा, आणि बारावीवर कोण्या अपरिचित लिपीतील अक्षरासारखी खूण.

दिवाळीच्या सुटींत आमचा एक माजी विद्यार्थी, जो पुण्यास अभियांत्रिकी शिकतो, भेटावयास आला. मुलांस त्यानेंच एक इंग्रजी पुस्तक वाचावयास दिलें होतें. फांसेही त्याचेच होते. त्याच्याकडून मला कळलें कीं हा खेळ टोल्कीन यांच्या कादंबऱ्यांवरून रचलेला आहे. टोल्कीन हे ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक होते व श्रद्धावंत कॅथलिक होते. त्यांचें ‘हॉबिट’ 1937 सालीं आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तीन भाग 1954 व 1955 सालीं निघाले, या दुसऱ्या ग्रंथाचें मुग्धा कर्णिक यांनीं केलेलें भाषांतर ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नांवानें मराठींत आहे. ज्यांचीं पुस्तकें आपल्या मिशनच्या ग्रंथालयांत हटकून सांपडतात ते सी. एस्. लुइस 1931 सालीं ख्रिस्ती विश्वासाकडे वळले, त्यांत मित्र या नात्यानें टोल्कीन यांचा मोठा हात होता. या कथांवर असा पहिला खेळ 1984 सालीं अमेरिकेंत निघाला. मुलें खेळत होतीं तो त्याहून नवा. ‘द वन रिंग’ या नांवाचा, फ्रान्चेस्को नेपितेल्लो या इटालियन गृहस्थानें रचलेला, 2011 सालीं प्रथम प्रसिद्ध झालेला.

मीं त्यास माझी शंका सांगितली. विद्यार्थिदशेंत जॅक चिक यांची 1984 सालची एक चित्रमय पत्रिका माझ्या हातीं आली होती. असे खेळ खेळणारे तरुण जादूटोण्याच्या व सैतानाच्या नादीं लागतात, असा तिचा आशय. तेव्हां अमेरिकेंत या जातीच्या पहिल्या खेळाविरुद्ध, म्हणजे 1974 सालच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’विरुद्ध, मोठें काहूर उठलें होतें, आपला मुलगा गमावलेल्या एका दुःखी आईनें 1983 सालीं त्यासाठीं संस्थाही काढली. तिच्या दुःखाविषयीं कोण काय बोलणार? पण पुढें चौकशी करणाऱ्यांनीं आरोपांचे पुरावे तपासले तेव्हां ते टिकले नाहींत. मीं पत्रिका वाचली होती, चौकशी वाचली नव्हती. भोजनगृहांत मीं केलें तें याहून काय निराळें होतें?

आतां खेळाविषयीं. मेजावर सोंगट्या नसल्या तरी चालतें. सोंगें मात्र असावीं लागतात. एक जण सूत्रधार होतो. तो स्थळ, हवा, वाटेंत भेटणारीं माणसें यांचें वर्णन करतो, आणि बाकीचे एकेक सोंग घेऊन ‘आतां तूं काय करशील?’ या प्रश्नास त्या सोंगाच्या तोंडानें उत्तर देतात. साधें काम असेल तर तें झालें असें धरतात, अवघड असेल तर फांसे टाकतात. प्रवासास निघतांना कामें वांटून घ्यावयाचीं: एक वाटाड्या, एक पुढची वाट न्याहाळणारा टेहळ्या, एक शिकारी, एक पहारेकरी. शेगांवहून पंढरपुरास निघणारी पालखी ज्यानें पाहिली आहे त्यास ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाहीं. माणूस थकला कीं त्याच्या सहाबाजू फांशांवरील एक, दोन, तीन हे आंकडे शून्य धरतात. शेतकऱ्यांच्या घरीं वाढलेल्या आमच्या मुलांस हा नियम पहिल्या खेपेसच पटला होता. अडचणींत आशेचा एक अंश खर्चून एक फांसा अधिक घेतां येतो. पण गेलेली आशा सहज भरून येत नाहीं. छाया मात्र वाढत जाते, आणि ती उरलेल्या आशेइतकी झाली कीं माणूस खिन्न होतो. मग फांशावर तो उघडा डोळा उमटला कीं केलेला यत्न फुकट.

मुख्याध्यापकांस मीं विनंती केली कीं हा गोष्टीचा खेळ आहे, पैसे न लावतां खेळल्यास हरकत नसावी. ‘पैसे न लावतां’ हे शब्द मीं मुद्दाम घातले, कारण त्यांत माझें पहिलें बोलणें शाबूत राहत होतें. परवानगी मिळाली, अट अशी कीं शनिवारीं माझ्या देखत खेळावें. ती दहाची नोट फुटाणे आणून उरलेल्या पैशांची होती, हें मुलांनीं मला एव्हांना सांगितलें होतें. मीं मान डोलावली होती. मॉनिटरचें काम दुसऱ्याकडे गेलें होतें, पंधरा दिवसांचा बुडालेला अभ्यास त्यानें भरून काढला होता. आतां जुनें उकरून काय उपयोग, अशी मीं मनाची समजूत घातली.

बघ्या म्हणून बसण्याचा कंटाळा येऊन तिसऱ्या शनिवारीं मीही सोंग घेतलें. ब्री नांवाच्या गांवचा एक प्रौढ माणूस. वयाचा मान म्हणून मुलांनीं मला वाटाड्या केलें. सूत्रधार तोच मुलगा होता. त्याचें वर्णन करण्याचें सामर्थ्य पाहून मी चकित झालों. मोरियाच्या दारापुढील काळ्या पाण्याचा डोह त्यानें असा सांगितला कीं आम्हांस लोणारचें सरोवर दिसूं लागलें: उतरत्या झाडींतील पायवाट, खाऱ्या चिखलाचा दर्प, बाभळींतून ओरडणारा मोर. लोणारास लवणासुराची कथा आधींच आहे. त्या पाण्यांतून कांहीं हात बाहेर काढील ही भीति आमच्या मुलांस परदेशांतून आणावी लागली नाहीं.

जानेवारींतील एका शनिवारीं आमची टोळी एका गांवाच्या वेशीशीं आली. आंत चोरी झाली होती, आणि वेसकर सर्वांस अडवून धरीत होता. रात्र पडत होती, आमच्यांतील एक जण जखमी होता. मीं वाटाड्या या नात्यानें पुढें होऊन सांगितलें कीं चोर आम्हीं पाहिला आहे. धर्मशाळेंत उतरलेला तो एकटा बुटका लोहार, त्याच्याच पिशवींत माल आहे. वेसकरानें त्यास धरून नेलें व आम्हांस वाट दिली. मला माझ्या युक्तीचें कौतुक वाटलें. मुलें मात्र गप्प झालीं. सूत्रधारानें पुस्तक उघडून दुष्कृत्यांची यादी काढली, तींत बोट ठेवलें आणि शांतपणें म्हणाला, “सर, तुमची छाया वाढली.”

भय किंवा शोक यांमुळें छाया येऊं लागली तर फांसे टाकून ती टाळण्याचा यत्न करतां येतो, हें मी शिकलों होतों. म्हणून मीं फांशांकडे हात नेला.

“सर, याला फांसा नाहीं,” तो म्हणाला. “हें तुम्हीं स्वतः केलेलें आहे.”

त्याच्या बोलण्यांत टोमणा नव्हता. तो नियम सांगत होता. मीं पुस्तक मागून घेतलें व तें पान वाचलें. मुद्दाम खोटें बोलणें, चोरी, लूट, छळ, खून अशी ती यादी होती, आणि तींतच आपल्या अधिकाराचा दुरुपयोग हेंही होतें. या एकाही कलमापुढें फांसा नव्हता. आपल्याकडे मोक्षपट नांवाचा जुना खेळ आहे; परंपरा त्याचा संबंध श्रीज्ञानदेवांशीं जोडते. त्यांतही सद्गुणांच्या शिड्या व दुर्गुणांचे साप आहेत, आणि तो खेळ मला आवडतो. पण त्यांत दान पडेल तसा माणूस सापाच्या तोंडीं जातो. अहंकाराच्या घरांत तो गेला तरी त्यांत त्याचा अपराध काय? येथें दान वाईट पडलें तर माणूस कड्यावरून पडेल, उपाशी राहील, वाट चुकेल. पण कितीही वाईट दान पडलें तरी तें त्याच्याकडून खोटें बोलवूं शकत नाहीं. ज्या वस्तूस मी जन्मभर भ्यालों तिच्या हातीं एवढीही सत्ता या खेळानें ठेवली नव्हती.

त्या रात्रीं मला झोप आली नाहीं, आणि तें लोहाराकरितां नव्हे.

सोमवारीं मुख्याध्यापकांकडे गेलों. “पैसे लावलेले मीं पाहिले नव्हते,” असें सांगितलें. त्यांनीं चष्मा काढून बराच वेळ माझ्याकडे पाहिलें; मग मुलाच्या नांवापुढील शेरा खोडून त्याखालीं मला सही करावयास सांगितलें. मॉनिटरचें पद परत मिळालें नाहीं. ज्या मुलाकडे तें गेलें होतें त्यानें काय अपराध केला होता? पुढच्या रविवारीं, उपासना आटोपल्यावर, चिखलीची गाडी धरली. मुलाचे वडील हरभऱ्यांत होते. मीं बांधावर उभें राहूनच सर्व सांगितलें. त्यांनीं हातांतील विळा खालीं ठेवला.

“त्यानं तव्हाच सांगितलं होतं, सर,” ते म्हणाले. “पण कागद शाळेचा होता.”

मग मला घरीं नेऊन त्यांनीं चहा पाजला, आणि निघतांना ओल्या हरभऱ्याची जुडी हातांत दिली. ती मला नाकारतां आली नाहीं.

पुढील शनिवारीं भोजनगृहांत गेलों तेव्हां मुलें माझ्यासाठीं थांबलीं होतीं. कागदावरील माझी छाया कोणीं खोडली नव्हती. लोहार अद्याप तुरुंगांत होता; त्यास सोडविण्याचा बेत चालला होता. वाटाड्याचें काम त्यांनीं नववींतल्या एका मुलास दिलें होतें, आणि मला पहाऱ्यावर बसविलें होतें.